डबीतला माणूस

"टीव्हीला जोडायची ती डबी मी निवडणार," रविवारचं सूप पिता पिता बोगुमिलने जाहीर केलं आणि लुत्सिनाचा डाव भांड्यातच थांबला. एकतीस वर्षांच्या संसारात नवऱ्याने स्वतःच्या अकलेने एकच मोठी वस्तू आणली होती. ती म्हणजे शिडी, आणि ती माळ्यापर्यंत पोचत नव्हती.

"इरेनेउशला विचारू या का?" ती जपून म्हणाली. "तो इंजिनिअर आहे."

"डबी आणायचीय. पूल नाही बांधायचा."

आतल्या खोलीतून काठी आपटल्याचा आवाज आला. म्हणजे बोगुमिलच्या सासूबाईंनी ऐकलं होतं. लेओकादियाबाईंचं वय एक्याऐंशी, खुबा नुकताच बसवलेला, पण कान अजून शाबूत. "लुत्सिना," आतून हाक आली, "आपले ट्रामवाले काय म्हणताहेत?"

बोगुमिल हा पोलंडातल्या आमच्या एल्ब्लाँग शहराच्या ट्राम डेपोत वेळापत्रकं आखून निवृत्त झालेला माणूस. जन्मात त्याने ट्राम चालवली नव्हती. पण लग्नाच्या दिवशी सासूबाईंनी पाहुण्यांना "हे आमचे ट्रामवाले" अशी ओळख करून दिली ती दिली. पुढे लुत्सिनाच्या धाकट्या बहिणीने, बोझेनाने, इंजिनिअर नवरा केला. तो मात्र पहिल्या दिवसापासून "इंजिनिअरसाहेब". गंमत अशी की सासूबाई गेली आठ वर्षं राहायला होत्या ट्रामवाल्यांकडे आणि कौतुक सगळं जायचं शहराच्या दुसऱ्या टोकाला. बोगुमिल हे मुकाट गिळत होता. घरात तो सासूबाईंशी दिवसाला दोनच वाक्यं बोलायचा, सकाळी "नमस्कार, आई" आणि जेवणानंतर "सूप छान होतं". सूप सासूबाई करायच्या आणि ते खारट असायचं.

डबीचं प्रकरण सुरू झालं ते खुब्यापासून. ऑक्टोबरात चर्चसमोरच्या ओल्या पानांवरून लेओकादियाबाईंचा पाय घसरला आणि त्या पाच आठवडे हॉस्पिटलात पडल्या. त्या पाच आठवड्यांत 'डाळिंबाचं अंगण' ही तुर्की मालिका संपली. बाईंनी तिचे दोनशे अकरा भाग एकही न चुकवता पाहिले होते आणि शेवटचे चौदा हुकले होते. मालिकेतला पेच साधाच होता. मुनेव्वर हानिम नावाची एक करारी म्हातारी, तिचं डाळिंबाचं अंगण, आणि जेलाल नावाचा तिचा जावई, कोळ्याच्या घरातला. सासू या जावयाला पदरात घेते की नाही, एवढ्यावर दोनशे अकरा भाग निघाले होते.

आई घरी यायच्या आदल्या दिवशी लुत्सिनाने जिन्यातल्या सगळ्या बायकांना दारोदार जाऊन शपथ घातली, की शेवट कोणी सांगायचा नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या गेनोवेफाबाईंना ही शपथ फार जड गेली. त्या रोज काहीतरी निमित्त काढून यायच्या, लेओकादियाबाईंकडे टक लावून बघायच्या, मोठा उसासा सोडायच्या आणि तोंडावर रुमाल धरून निघून जायच्या. लेओकादियाबाई यावर "बिचारीला दम लागतो," एवढंच म्हणत.

उपाय बोझेनाकडे होता. तिच्या यंत्राने चौदाही भाग उतरवून घेतले होते. आईला तिच्याकडे न्यावं तर चौथा मजला, लिफ्ट नाही आणि नवा खुबा. म्हणून तिने ते सगळे एका पेनड्राइव्हवर भरून पाठवले. पण बोगुमिलच्या टीव्हीला पेनड्राइव्ह लावायला जागा नव्हती. मधे प्लेअरची डबी हवी होती. नऊ डिसेंबरला लेओकादियाबाईंचा नामदिन, म्हणजे त्यांच्या नावाच्या संताचा दिवस होता आणि त्या दिवशी ही डबी सासूबाईंच्या पुढ्यात ठेवायची, असं बोगुमिलने मनाशी पक्कं केलं. एकदा तरी त्या म्हातारीच्या तोंडून आपल्याबद्दल बरा शब्द निघावा, एवढी एकच इच्छा त्याची राहिली होती आणि ती त्याने लुत्सिनालाही कधी सांगितली नव्हती.

बातमी कळताच साडूचा फोन आला.

"बोगुमिल, उगाच घोळ घालू नकोस. मी वापरतो तोच घे. सोळा प्रकारचे आवाज ओळखतो तो."

"आईंना कान दोनच आहेत," बोगुमिल म्हणाला आणि त्याने फोन ठेवला. त्या क्षणी सोळा आवाजांचा प्लेअर यादीतून कायमचा बाद झाला.

बाकीच्या प्लेअर्ससाठी त्याने डेपोतल्या सवयीप्रमाणे तक्ता आखला. नऊ रकाने. चालू व्हायला किती सेकंद लागतात, वायर किती लांब, रिमोटची बटणं केवढी, दिवा हिरवा की निळा, गरम होतो का, हमी किती वर्षांची, असं सगळं. हा तक्ता घेऊन तो चार वेळा दुकानात गेला. काउंटरवरच्या बाई पहिल्या दिवशी हसल्या, दुसऱ्या दिवशी त्यांनी चष्मा लावला आणि तिसऱ्या दिवशी त्याला बसायला खुर्ची दिली.

"पण यावर बघणार काय तुम्ही?" चौथ्या दिवशी त्यांनी विचारलं.

"मी काही नाही. सासूबाई बघणार."

"बरं. सासूबाईंना काय लागतं?"

बोगुमिलने प्रामाणिकपणे विचार केला. "इंजिनिअर," तो म्हणाला.

शेवटी ज्याच्या रिमोटची बटणं बिस्किटाएवढी होती, जो अकरा सेकंदांत चालू व्हायचा आणि ज्याचा दिवा हिरवा होता, तो प्लेअर नऊपैकी नऊ रकान्यांत पहिला आला. बोगुमिल तो छातीशी धरून घरी आला.

नामदिनाला आमच्याकडे कोणी कोणाला बोलावत नाही. ज्याला तारीख ठाऊक आहे तो येतोच. दुपारी चारपर्यंत बैठकीच्या खोलीत चौदा माणसं होती. टेबलावर तेलातली हेरिंग मासळी होती, बटाटा-गाजराची कोशिंबीर होती, चीजचा केक होता आणि पेल्यांतून चहा वाफाळत होता. इंजिनिअरसाहेब नवा टाय लावून आले होते. गेनोवेफाबाई रुमाल घेऊन दाराजवळ बसल्या होत्या. लेओकादियाबाई मधोमध आरामखुर्चीत, केस कुरळे करवून.

बोगुमिलने बटण दाबलं. हिरवा दिवा लागला. सगळ्यांनी मोठ्याने अकरापर्यंत मोजलं आणि अकराव्या सेकंदाला पडद्यावर डाळिंबाचं झाड आलं. टाळ्या पडल्या. लुत्सिनाने नवऱ्याकडे असं पाहिलं, की तिचा शिडीवरचा राग तिथल्या तिथे मावळला असावा. मग मुनेव्वर हानिम अंगणात आली, तिने तोंड उघडलं आणि ती तुर्की बोलली.

ती बोलतच राहिली. मग जेलाल बोलला, तोही तुर्की.

"बोगुमिल," लेओकादियाबाई म्हणाल्या, "माणूस कुठंय?"

इथे हा माणूस कोण, ते सांगायला हवं. आमच्या पोलंडात टीव्हीवर परदेशी माणूस बोलायला लागला की त्याच्या बोलण्यावरून आमचा एक माणूस सगळं वाचून दाखवतो. त्याला लेक्टर म्हणतात. नायक तोच, नायिका तोच, रडणारं पोर तोच आणि मरणारी आजीही तोच. आवाज एकच आणि सपाट. नायिका "तुझ्यावाचून मी जगणार नाही" म्हणून खाली कोसळते आणि हा गृहस्थ ते वाक्य औषधाच्या बाटलीवरची सूचना वाचावी तसं वाचतो. आम्हाला ते इतकं अंगवळणी पडलंय, की तो वेगळा असतो हेच आम्ही विसरून गेलोय. बोगुमिलच्या नऊ रकान्यांत 'माणूस आहे का' हा रकाना नव्हता. नळ विकत घेताना त्यातून पाणी येतं का, असं कोण विचारतं.

इंजिनिअरसाहेब पुढे सरसावले. त्यांनी रिमोट हातात घेतला आणि डोळे बारीक केले. "हं. दोन आवाज आहेत. पहिला मूळ तुर्की, दुसरा लेक्टरचा. दुसरा आवाज ज्या पद्धतीने भरलाय, ती पद्धत या डबीला येत नाही." मग त्यांनी जरा थांबून छताकडे पाहिलं. "सोळा आवाजांच्या डबीला आली असती."

"काहीतरी कर ना मग," बोझेना म्हणाली.

इंजिनिअरसाहेबांनी केलं. वीस मिनिटांनी डबीतल्या सगळ्या सूचना हंगेरियन भाषेत दिसायला लागल्या. आणखी दहा मिनिटांनी चित्र आडवं झालं. ते सरळ करताना अचानक पडद्याच्या खाली अक्षरं उमटली. पोलिश अक्षरं. ऐकू न येणाऱ्यांसाठी दाखवतात तसली पट्टी होती ती.

"दिसायला लागलं," बोझेना म्हणाली. "आई, वाच आता."

"मला इथून तुझं नाकसुद्धा नीट दिसत नाही," आई म्हणाली. "कोणीतरी वाचा."

पहिली बोझेना बसली. ती पहिल्याच वाक्याला हुंदका देऊन थांबली. मग गेनोवेफाबाईंनी घेतलं. त्यांनी मुनेव्वर हानिमचा आवाज जाड काढला, जेलालचा घोगरा काढला, मुलीच्या वाक्याला मान वेळावली. लेओकादियाबाईंनी काठी आपटली. "गेनोवेफा, नाटक नको करूस. लेक्टर नाटक करत नाही." मग इंजिनिअरसाहेब. त्यांनी आधी गळा साफ केला, दोन वाक्यं वाचली आणि तिसऱ्या वाक्याला मालिकेतल्या विहिरीचा पंप चुकीचा कसा बसवलाय ते समजावून सांगायला लागले. तोवर पडद्यावर लग्न लागून गेलं.

"बोगुमिल, तू बघ," लुत्सिना हळूच म्हणाली.

बोगुमिल स्टुलावर बसला. त्याला घाम फुटला होता. त्याने चष्मा पुसला आणि वाचायला लागला.

"या घरात तुला जागा नाही. मी जीव देईन. दार वाजतं. कोण आहे. उदास संगीत."

हाच तो लेक्टरचा आवाज होता. बोगुमिलच्या आवाजाला कधी चढ नव्हता, उतार नव्हता. याच आवाजात त्याने एकतीस वर्षांपूर्वी लुत्सिनाला लग्नाचं विचारलं होतं आणि तिला वाटलं होतं, की हा चार नंबरच्या ट्रामबद्दल बोलतोय. आयुष्यभर ती या आवाजावर वैतागली होती. आता तिला तो पहिल्यांदाच ऐकावासा वाटला.

"हं," लेओकादियाबाई म्हणाल्या आणि खुर्चीत मागे रेलल्या. "चालू दे."

भाग संपला तेव्हा साडूने उद्याच आपला प्लेअर आणून जोडायची तयारी दाखवली. "राहू द्या, इंजिनिअरसाहेब," म्हातारी म्हणाली. "काम भागतंय." हा काही मोठा बरा शब्द नव्हता, पण बोगुमिलने त्या दिवशी केकचे तीन तुकडे खाल्ले.

दुसऱ्या दिवसापासून रोज चार वाजता एक भाग, असा नेम पडला. जिन्यातल्या बायका आपापल्या घरून खुर्च्या घेऊन यायच्या. लुत्सिना त्याच्या घशासाठी मध घालून चहा ठेवायची. पट्टीवर आमची काही पोलिश अक्षरं उमटत नसत, त्यांच्या जागी प्रश्नचिन्हं यायची, पण बोगुमिल ती सराईतपणे ओलांडायचा. दारं वाजली की "दार वाजतं" म्हणायचा, वारा सुटला की "वारा". पाचव्या दिवशी तो तीनलाच दाढी करून तयार बसायला लागला. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच त्याच्या बोलण्यासाठी कोणीतरी वेळेवर येत होतं.

नववा भाग झाला. दहाव्याला मुनेव्वर हानिम अंगणात आली, तिने तोंड उघडलं आणि पडद्याच्या खाली काहीच उमटलं नाही.

"एक मिनिट, आई," बोगुमिल म्हणाला आणि त्याने स्वयंपाकघरात जाऊन फोन लावला.

"पट्टी ना?" पलीकडून इंजिनिअरसाहेब म्हणाले. "नववा भाग उतरवून झाल्यावर मी आमच्या यंत्रात सुधारणा केली. पट्ट्या उगाच जागा खातात, म्हणून काढून टाकल्या. तुला माझी डबी देऊ का? तिच्यात लेक्टर खणखणीत वाजेल."

बोगुमिलने मनातल्या तराजूत एका बाजूला साडूची डबी ठेवली आणि दुसऱ्या बाजूला आपली नऊ दिवसांची कमाई. "नको," तो म्हणाला. "सगळं व्यवस्थित चाललंय."

तो परत स्टुलावर येऊन बसला. त्याला तुर्कीतलं एक अक्षर येत नव्हतं. मालिका त्याने या नऊ भागांआधी कधी पाहिली नव्हती, त्यामुळे शेवटही ठाऊक नव्हता. पडद्यावर सासू हातवारे करून काहीतरी सांगत होती. बोगुमिल त्याच सपाट आवाजात म्हणाला, "आज हवा बरी आहे. कपडे वाळतील."

दाराजवळ गेनोवेफाबाईंना ठसका लागला. त्या ठिकाणी मुनेव्वर हानिम प्रत्यक्षात काय म्हणते, ते त्यांना पाठ होतं. जिन्यातल्या सगळ्याच बायकांना पाठ होतं. पण शपथ होती. आठ बायका ओठ घट्ट मिटून एकमेकींकडे बघत राहिल्या आणि लेओकादियाबाई शांतपणे मान डोलवत राहिल्या.

एकदा खोटं बोलायला लागल्यावर बोगुमिलला त्यात चव येऊ लागली. अकराव्या भागात जेवणाचा प्रसंग आला. जेलालने चमचा तोंडाशी नेला, खाली ठेवला आणि काहीतरी बोलला.

"सासूबाई, सूप खारट आहे," बोगुमिलने वाचलं. "मी आठ वर्षं सांगायला घाबरतोय."

लुत्सिनाच्या हातातली सुई थांबली. दुसऱ्या दिवशीच्या सुपात मीठच नव्हतं. बोगुमिलने ते आनंदाने ओरपलं आणि मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. म्हातारीला पत्ता न लागता तिला वळण लावता येतं, असं त्याला वाटायला लागलं.

बाराव्या भागात तो आणखी धीट झाला. जेलाल समुद्रकाठी सासूपुढे गुडघे टेकून काहीतरी विनवत होता.

"शनिवारी दुपारी मला टीव्हीवर स्कीच्या उड्या बघू द्या," बोगुमिल म्हणाला. "वर्षातून चार शनिवार तर असतात."

"तुर्कस्तानात?" गेनोवेफाबाईंच्या तोंडून निघून गेलं.

"गप्प बस, गेनोवेफा," लेओकादियाबाई म्हणाल्या. "पडत असेल बर्फ तिकडे कुठंतरी."

शनिवारी दुपारी जेवण झाल्यावर त्या आपण होऊन उठल्या, काठी टेकत आतल्या खोलीत गेल्या आणि टीव्ही मोकळा ठेवला. लुत्सिनाने नवऱ्याला स्वयंपाकघरात गाठलं.

"बोगुमिल, लाज वाटते का? म्हातारं माणूस ते. शेवटासाठी जीव टाकतंय."

"सांगतो ना शेवट."

"तुला कुठं ठाऊक आहे?"

"तू सांग मग."

"मी शपथ घातलीय सगळ्यांना," लुत्सिना म्हणाली. "मीच कशी मोडू?"

शेवटच्या भागाला बसायला जागा उरली नाही. बोझेना आली होती. इंजिनिअरसाहेब आले होते, आणि त्यांनी नवा कोरा सोळा आवाजांचा प्लेअर नाताळची भेट म्हणून आणला होता. "आजचा भाग यावर लावू," ते म्हणाले. "शेवट तरी नीट ऐकू दे आईंना." बोगुमिलचं तोंड उतरलं. पण लेओकादियाबाईंनी खोक्याकडे पाहिलं आणि टेबलाकडे बोट केलं. "ठेवा तिथं. आज आहे ते असू दे."

भाग पुढे सरकला. बोगुमिल जपून वाचत होता. लग्न, समेट, एक मूल. मग मुनेव्वर हानिमची खोली आली. ती अंथरुणाला खिळलेली होती आणि जेलाल दारात उभा होता. ती उठून बसली, तिने थरथरतं बोट दाराकडे रोखलं आणि बोलायला सुरुवात केली. चेहरा अगदी जवळून दाखवत होते. हे मोठं भाषण आहे, हे बोगुमिलच्या लक्षात आलं. हीच ती जागा.

"दाराबाहेर जे डाळिंबाचं झाड आहे," तो म्हणाला, "ते आजपासून तुझं. जेलाल. मी तुझ्याशी."

आणि तो अडला. वाक्य त्याने गेले तीन दिवस मनात घोळवून ठेवलं होतं. मी तुझ्याशी चुकीचं वागले, तू चांगला माणूस आहेस. पण समोर खुर्चीत ती म्हातारी बसली होती, हात मांडीवर ठेवून, आणि ते वाक्य तिच्या देखत तिच्यासारख्याच एका म्हातारीच्या तोंडी कोंबणं त्याच्या जिवावर आलं. असला शब्द चोरून घेण्यात काही अर्थ नाही, असं त्याला फार स्पष्ट वाटलं. पडद्यावर मुनेव्वर हानिमचे ओठ हलत राहिले आणि खोलीत नुसती तुर्की ऐकू यायला लागली.

मग एक सपाट आवाज आला.

"मी तुझ्याशी बरी वागले नाही," लेओकादियाबाई म्हणाल्या. त्या पडद्याकडे बघत होत्या आणि त्यांच्या आवाजात चढ नव्हता, उतार नव्हता. "कोळ्याच्या घरातला म्हणून तुला जन्मभर कोळी म्हटलं. तुझी होडीसुद्धा नव्हती. हॉस्पिटलात पाच आठवडे रोज दोनदा कोण आलं, ते मी पाहिलंय. दुसरा जावई दोनदाच आला आणि दोन्ही वेळा लिफ्टच्या मोटरबद्दल बोलला."

इंजिनिअरसाहेबांनी टाय सैल केला.

"तू उशी नीट करायचास आणि काही बोलायचा नाहीस," लेओकादियाबाई पुढे म्हणाल्या. "मला वाटायचं, हा माणूस माझ्यावर रागावलाय, म्हणून बोलत नाही. म्हणून मीही बोलले नाही. असं एकतीस वर्षं चाललं. म्हातारी खोकते. उदास संगीत."

गेनोवेफाबाईंचा बांध फुटला. "असं नाहीये ते," त्या उभ्या राहून म्हणाल्या. "ती हाकलते त्याला, लेओकादिया. निघ म्हणते माझ्या अंगणातून. कुत्रा सोडते अंगावर आणि मग मरते." एवढं बोलून त्यांनी दोन्ही हातांनी तोंड दाबलं आणि भेदरून लुत्सिनाकडे पाहिलं.

"ठाऊक आहे मला," लेओकादियाबाई म्हणाल्या. "मी पाहिलंय."

"कुठं पाहिलंस?" दोन्ही लेकी एकदम म्हणाल्या.

"वॉर्डात टीव्ही होता की. नाणं टाकलं की तासभर चालायचा. शेजारच्या खाटेवरच्या बाईकडे पुरचुंडीभर नाणी होती. चौदाच्या चौदा भाग बघितले आम्ही."

"आम्ही रोज यायचो," लुत्सिना म्हणाली. "कधी दिसला नाही चालू."

"तुमची पावलं वाजली की बंद करायला लावायचे. मी मजेत दिसले असते, तर तुम्ही पाच मिनिटांत उठून गेला असता. आणि घरी आले तर बघते, अख्खा जिना माझ्यापासून शेवट लपवायला जिवाचं रान करतोय. गेनोवेफा रोज केक आणतेय. हे सगळं मोडवेना मला." मग त्या बोगुमिलकडे वळल्या. "आणि तू बोलायला लागलास. मी म्हटलं, बघू तरी, आणखी काय काय सांगतो ते. सूप मी नेहमीच खारट करते, माझ्या आईचंही खारट असायचं. पण तुला आवडत नाही हे मला एका तुर्की कोळ्याकडून कळावं?"

बोगुमिलने चष्मा काढला. त्याला पुष्कळ बोलायचं होतं, पण समोर हलणारे ओठ नव्हते, त्यामुळे काही सुचेना. "सूप छान होतं," तो शेवटी म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. लुत्सिना रडत होती आणि हसतही होती आणि तिला दोन्हींची लाज वाटत नव्हती.

या सगळ्यात इंजिनिअरसाहेबांनी मात्र हाताला काम शोधलं होतं. त्यांनी खोकं फोडून नवी डबी जोडली आणि कोणी काही म्हणायच्या आत पेनड्राइव्ह तिच्यात सरकवला. मुनेव्वर हानिम पुन्हा अंथरुणात उठून बसली, तिने दाराकडे बोट रोखलं आणि डबीतून लेक्टरचा भारदस्त, घोटीव आवाज खोलीभर पसरला. माझ्या अंगणातून चालता हो, तो म्हणाला. कुत्रा भुंकला. सगळ्या बायकांनी मान वळवून लेओकादियाबाईंकडे पाहिलं.

त्यांनी मिनिटभर अगदी लक्ष देऊन ऐकलं. मग काठीचं टोक नव्या डबीकडे केलं.

"परत करा ती, इरेनेउश," त्या म्हणाल्या, आणि इंजिनिअरसाहेबांना त्यांनी नावाने हाक मारण्याची ती पहिलीच वेळ होती. "डबीतला माणूस वाचतो छान. पण लिहिलेलंच वाचतो."